दिवसाढवळ्या ओढलेला पडदा

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्हीही याल. एवढंच सांगतो की गाव हॉलंडमध्ये आहे, जुनं आहे, मधून कालवा जातो, आणि युरोप बघायला निघालेली माणसं सकाळी डेल्फ्ट आणि संध्याकाळी हार्लेम उरकताना मधल्या वेळेत आमच्याकडे उतरतात. चौकातलं चर्च बघतात, चीजचं दुकान बघतात, आणि तरीही बस सुटायला वेळ उरला की मला बघतात.

मला म्हणजे मलाच. माझं घर कालव्याकाठी आहे. रस्त्याला लागूनच बसायची खोली, आणि तिला जवळजवळ भिंतीएवढी खिडकी. पडदा नाही. आमच्या गल्लीत कुणाच्याच खिडकीला पडदा नाही. लावला तर लोक लगेच म्हणणार, यांच्याकडे लपवण्यासारखं काय आहे बुवा? त्यामुळे आम्ही खिडक्या उघड्याबोडक्या ठेवतो आणि जाणारायेणारा डोळ्याच्या कोपऱ्यातून सगळं बघून घेतो, पण मान वळवत नाही. याला आम्ही सभ्यता म्हणतो. पर्यटकांना ती कुणी शिकवलेली नसते. ते थांबतात, डोळ्यांशेजारी दोन्ही हातांचे आडोसे करतात आणि नाक काचेला टेकवतात. संध्याकाळी काच पुसायला घेतली की नाकांचे ठसे ओळीनं दिसतात. उंच नाकं वर, बसकी खाली.

मी जन्मभर पाणी-मंडळात नोकरी केली. समुद्राला गावात शिरू न देणं हे आमचं काम. सांगायला अभिमान वाटतो की माझ्या कारकिर्दीत समुद्रानं कधी आगाऊपणा केला नाही. पण निवृत्त होऊन घरी बसलो आणि कळलं की समुद्र परवडला. त्याला निदान ओहोटी असते.

दुपारी मी ब्रेडवर लोणी लावतो, त्यावर चॉकलेटचे दाणे पसरतो आणि काटाचमच्यानं खातो. लहानपणापासून हेच खात आलोय. माझे वडील खायचे, त्यांचे वडील खायचे. तर एके दिवशी काचेपलीकडे एक अख्खं कुटुंब उभं राहून मला बघून खो-खो हसत होतं. बापानं धाकट्याला खांद्यावर घेतलं होतं, म्हाताऱ्याचा खाऊ नीट दिसावा म्हणून! सत्तरीच्या माणसानं आपल्या घरात आपल्या पैशानं चॉकलेटचे दाणे खाऊ नयेत का? मी पाठ फिरवून बसलो, तर त्यांनी टकलाचा फोटो काढला.

हे मी सोसलं असतं. पण प्रकरण पेटलं ते बटाट्यावरून. माझी बायको टिनेका खिडकीपाशी उजेडाला बसून बटाटे सोलत होती. एका गृहस्थानं काचेवर टकटक केली. काय हवंय म्हणून तिनं मान वर केली, तर तो खुणेनं सांगायला लागला की तो बटाटा परत सोला, फोटो हलला.

टिनेका उठली. पातेलं घेऊन स्वयंपाकघरात गेली. पाच मिनिटं काही आवाज आला नाही, आणि टिनेकाचा आवाज येत नाही तेव्हा मी घाबरतो. मग ती बॅग भरूनच बाहेर आली.

"मी ग्रेटाकडे चाललेय," ती म्हणाली. ग्रेटा तिची धाकटी बहीण. लेलिस्टाटला राहते. लेलिस्टाट हे गाव मी जन्मलो तेव्हा अस्तित्वात नव्हतं, तिथे पाणी होतं आणि पाण्यात मासे होते. माझ्या मते मासे होते तेच बरं होतं. सरळ रस्ते, सपाट घरं, आणि बघायला काही म्हणजे काही नाही.

"किती दिवस?" मी विचारलं.

"शनिवारी माझा वाढदिवस आहे. शनिवारी दुपारी ग्रेटा मला आणून सोडेल. तोवर त्या खिडकीचं काय करायचं ते कर. मी आल्यावर एक, एक जरी नाक काचेला दिसलं ना बार्टेल, तर हे घर विकायचं आणि ग्रेटाच्या शेजारचा फ्लॅट घ्यायचा. तिथे काळं कुत्रंसुद्धा बघायला येत नाही."

"अगं, पण माझा जन्म इथला..."

"मग मरण तिकडचं!" असं म्हणून तिनं दार आपटलं.

आता खरं सांगतो. हे घर थोडं पुढे झुकलेलं आहे, जिना इतका उभा आहे की वर जाताना गुडघे हनुवटीला लागतात, पण मला दुसरीकडे झोप येत नाही. एकदा सुट्टीत डोंगरात गेलो होतो, तिथे जमीन इतकी स्थिर होती की रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मी घर सोडणार नव्हतो. आणि टिनेकाला सोडण्याचा तर प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीकडे बघत फुटपाथवर उभा राहिलो. आमच्या गल्लीत माणूस नुसता उभा राहिला की सल्ला आपोआप येतो. पहिले आले क्लासेनमास्तर. हे समोर राहतात, शाळेत हेडमास्तर होते, आणि शाळा सुटली तरी त्यांची शिकवणी सुटलेली नाही.

"कुंड्या ठेव," मास्तर म्हणाले. "खिडकीत दाट कुंड्या. निसर्गाचा पडदा. साधी गोष्ट आहे बार्टेल, तुला सुचायला हवी होती."

मी बाजारात जाऊन फुलझाडांच्या कुंड्या आणल्या, खिडकीभर मांडल्या. जेवायला बसलो तर दारावरची घंटा. एक बाई हसतमुखानं विचारत होत्या की ते गुलाबी कसं दिलं? मी म्हटलं, हे दुकान नाही. त्या म्हणाल्या, मग पांढरं कसं दिलं? दुपारभर घंटा थांबेना. एकाला तर मी वैतागून एक कुंडी देऊनच टाकली, त्यानं बाहेर जाऊन बाकीच्यांना सांगितलं की इथे फुकट आहेत. मास्तरांनी समोरून हे सगळं बघितलं आणि संध्याकाळी येऊन म्हणाले, "तू अंतर चुकवलंस. मी दाट म्हणालो होतो."

मग नगरपालिकेत फोन केला. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला दुधी कागद चिकटवावा असा माझा विचार होता. पण घर जुन्या वास्तूंच्या यादीत आहे, त्यामुळे खिळा ठोकायचा तरी विचारावं लागतं. फोनवरचा माणूस गोड बोलणारा होता, आणि गोड बोलणारा माणूस नगरपालिकेत भेटला की आपलं काम होत नाही हे मी नोकरीत असल्यापासून जाणतो.

"दुधी कागद चालणार नाही, साहेब. दर्शनी भागात बदल होतो."

"मग पडदा?"

तो विचारात पडला. "पडदा हलतो का?"

"म्हणजे?"

"हलत असेल तर ते सामान. सामानाचा आमचा संबंध नाही. पण कायम एकाच जागी राहणार असेल तर तो दर्शनी भाग."

"पडदा आहे हो. हलणारच."

"तुम्ही हलवणार का, हा प्रश्न आहे. आणि रंग शांत असावा. भडक रंगानं गल्लीचं ऐतिहासिक रूप बिघडतं."

मी त्याला शब्द दिला की शांत रंगाचा पडदा आणीन आणि अधूनमधून हलवीन. त्यानं आभार मानले. बोलणं संपल्यावर माझ्या लक्षात आलं की माझ्याच घरातला पडदा मी हलवीन, अशी मी सरकारकडे हमी देऊन बसलोय.

पडदा लावायचा म्हणजे काय, हे आमच्या गल्लीत राहिल्याशिवाय कळणार नाही. मी शिडीवर चढून दांडी ठोकत होतो, तर शेजारच्या फेरहुल्स्टबाई बाहेर येऊन बघत राहिल्या. फेरहुल्स्टबाई ऐंशीच्या पुढच्या, विधवा, आणि त्यांच्या खिडकीबाहेर एक छोटा आरसा तिरका बसवलेला आहे. खुर्चीत बसल्या बसल्या दोन्हीकडचा रस्ता दिसतो. गल्लीत कोण कधी आलं, हातात काय होतं, आणि येताना चेहरा कसा होता, हे नगरपालिकेला माहीत नसेल पण बाईंना माहीत असतं.

"पडदा लावतोयस?" बाईंनी विचारलं.

"हो."

"बरं," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या. या 'बरं'मध्ये माझ्या तीन पिढ्यांचा उद्धार होता.

पहिला पडदा मी पांढरा लावला. पांढऱ्याहून शांत रंग कुठला? दिवसभर उत्तम चाललं. संध्याकाळी दिवा लावला, पाठ खाजवत होतो, तोच बाहेरून हशा आला. मी हात खाली घेतला, हशा थांबला. परत वर केला, परत हशा. उठून बाहेर गेलो तर फुटपाथवर पंधरावीस माणसं बसकण मारून बसली होती आणि माझी सावली त्या पडद्यावर पुरुषभर पडत होती. मला बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकानं पुढचा खेळ किती वाजता आहे असंही विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो पडदा उतरवला आणि काळा लावला. जाड, दुहेरी, जमिनीपर्यंत. काळ्याहून शांत रंग जगात नाही. तो ओढून घेतला आणि खोलीत एकदम अंधार झाला. मी दिवा लावला, ब्रेडवर चॉकलेटचे दाणे पसरले, आणि किती वर्षांनी कोण जाणे, एकट्यानं सुखानं जेवलो.

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती मला त्या वेळी आठवली नाही आणि आठवायला हवी होती. आमच्या जुन्या लोकांत दिवसाढवळ्या पडदा ओढायचा तो एकाच वेळी. घरात कुणी गेलं की. शेजारीही मग हळू बोलतात, पोरांना दारासमोर खेळू देत नाहीत. माझी आजी गेली तेव्हा आम्हीही ओढला होता. पण माणूस जेवणाच्या आनंदात असला की आजी कुठून आठवणार?

दुपारी दारावर हलकीच टकटक झाली. फेरहुल्स्टबाई उभ्या होत्या. काळा स्वेटर, आणि आवाज इतका खाली की मला वाकावं लागलं.

"बार्टेल, टिनेका गेली का रे?"

"गेली," मी सुस्कारा सोडला. भांडणाची बातमी आरशातून कळली असणार.

"कधी?"

"मंगळवारी."

"अरे देवा. मला आरशात बॅग दिसली तेव्हा वाटलं, दवाखान्यात निघालीय. शांतपणे गेली का?"

"शांतपणे? दार आपटून गेली, बाई!"

बाईंनी डोळे मिटले. "शेवटपर्यंत तशीच राहिली म्हणजे. पण आता कुठे असेल तिथे..."

"बहिणीजवळ आहे."

"अन्नाजवळ," बाई पुटपुटल्या. मला नीट ऐकू आलं नाही. अन्ना टिनेकाची थोरली बहीण, ती वारून कितीतरी वर्षं झाली. बाईंनी डोळे पुसले. "तिथे तरी सुखात असेल."

"सुखात कसली? बघायला काही नाही तिथे. नुसतं सपाट."

बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. बायको रुसून गेल्यावर कुणीतरी खांद्यावर हात ठेवावा असं वाटतंच.

"शनिवारी काही ठेवलंयस का?" त्यांनी विचारलं.

"ठेवलंय तर! दुपारी, नेहमीसारखं. कॉफी आणि केक. गल्लीत सगळ्यांना सांगा, मला बोलवायला जमलेलं नाही."

"आणि ती... ती असेल का इथे?"

"असेल म्हणजे? तिच्याचसाठी तर करतोय! दुपारी गाडीतून आणतील तिला."

"मग बंदच ठेवणार की..."

मला शवपेटी कुठून सुचणार? मी पडद्याकडे बघितलं. "बंदच. अगदी घट्ट. लोकांना बघू द्यायचंच नाही, त्यासाठी तर एवढा खटाटोप केला."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "आठवणीत आहे तशीच राहू दे." आणि नाक पुसत गेल्या. पडद्याला विरोध करणाऱ्या बाईंना पडदा इतक्या लवकर पटला, याचं मला कौतुक वाटलं.

पडद्याचा परिणाम तर विचारू नका. मी फटीतून बघत होतो. पर्यटकांचा तांडा आला. पुढे नारिंगी छत्री धरलेली त्यांची वाटाडी पोरगी. क्लासेनमास्तरांनी तिला थांबवून कानात काहीतरी सांगितलं. ती वळून माणसांशी हळू बोलली, आणि काय आश्चर्य! पुरुषांनी टोप्या काढल्या. एका बाईनं छातीवर हात ठेवला. माझ्या खिडकीसमोरून सगळे चवड्यांवर चालत गेले. मला गहिवरून आलं. इतके दिवस या लोकांना आपण उगीच नावं ठेवली, त्यांना फक्त वळण लावायला हवं होतं, आणि ते एका काळ्या कापडानं लागलं. एकही नाक नाही! घर वाचलं, टिनेका परत येईल, बघेल, आणि लेलिस्टाटचं नाव काढणार नाही. मी त्या आनंदात पडदा थोडा हलवलासुद्धा, नगरपालिकेला शब्द दिला होता म्हणून. बाहेर कुणीतरी किंचाळलं.

शनिवारी सकाळी मी खुर्च्या गोल मांडल्या. वाढदिवस म्हणजे गोल बसायचं, प्रत्येकानं प्रत्येकाशी हात मिळवायचा, अभिनंदन करायचं. बायकोचा वाढदिवस असेल तर नवऱ्याचंही अभिनंदन, शेजाऱ्याचंही, कुत्रा असेल तर त्याचंही. मग कॉफी, केकचा एक तुकडा, आणि हवेविषयी बोलणं. मी छताला रंगीत कागदी माळा लावल्या.

पाहुणे वेळेवर आले. आमच्याकडे वेळेवर येतात. क्लासेनमास्तर काळ्या सुटात होते. पण मास्तर समुद्रावरही काळ्या सुटात जातात. बाकीचेही गडद कपड्यांत. माझ्या मनात काही आलं नाही, कारण गल्लीतली माणसं आनंदाच्या प्रसंगी अशीच दिसतात. एकेकानं माझा हात हातात घेतला आणि तोंडातल्या तोंडात तो शब्द पुटपुटला. आता गंमत बघा, आमच्या भाषेत अभिनंदनाचा शब्द आणि सांत्वनाचा शब्द सुरू एकसारखे होतात आणि संपतातही एकसारखे, मधलं काय ते वेगळं. आणि मधलं आमच्या गल्लीत कुणीच स्पष्ट बोलत नाही. मी प्रत्येकाला हसून "थँक यू, तुमचंही" म्हणत होतो. लोक जरा दचकत होते.

फेरहुल्स्टबाई त्यांचा मुलगा हेरब्रांड याला घेऊन आल्या. हा पन्नाशीचा, आईकडेच राहतो, कमी बोलतो. त्यानं आल्या आल्या वर बघितलं आणि विचारलं, "वर जाऊन आलो तर चालेल का?" मला वाटलं बाथरूमला जायचं असेल. म्हटलं, जा.

मास्तर माळांकडे बघून शेजारच्याला हळूच म्हणाले (हे मला नंतर कळलं), "हल्ली असंच करतात म्हणे. रडारड नको, आयुष्याचा सोहळा."

"तिचीच इच्छा असेल," शेजारी म्हणाला.

कॉफी दिली. केक दिला. मी म्हटलं, "ती आली की सगळ्यांनी उभं राहून मोठ्यानं गायचं बरं का. मागच्या वेळी मास्तर फक्त ओठ हलवत होते."

मास्तरांचा घास घशात अडकला. "मागच्या वेळी?"

"टाळ्या वाजवत गायचं," मी म्हटलं.  फेरहुल्स्टबाईंनी माझा हात थोपटला.

"बार्टेल, पोरा, एक विचारू? आजच्या दिवशी विचारू नये. पण घराचं काय ठरवलंस?"

अच्छा! म्हणजे विकायची धमकीही गल्लीभर झाली होती. "अजून काही ठरलं नाही," मी म्हटलं. "ती आली की ठरेल. खिडकीपाशी गेल्यावर ती काय म्हणते, त्यावर सगळं आहे."

बाईंनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी मान हलवली आणि कपाळाला बोट लावलं. मग बाई मला समजावत म्हणाल्या, "तुला एकट्याला हा जिना झेपायचा नाही. विकायचं झालं तर आधी आमच्या हेरब्रांडला सांग. मधली भिंत पाडली की दोन्ही घरं एक होतील. मोठी सोय होईल."

मला एकट्याला? मी तोंड उघडलं. पण तेवढ्यात माझी नजर कोपऱ्यात गेली. तिथे पाहुण्यांनी आणलेली फुलं ठेवली होती. पांढरी लिली. सगळी पांढरी. मध्ये फुलांचं एक गोल चक्र होतं आणि त्याला रेशमी पट्टी. पट्टीवर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'प्रिय टिनेकास अखेरचा निरोप, समस्त गल्ली.'

 मी ते वाचलं, परत वाचलं. मग काळ्या पडद्याकडे बघितलं, काळ्या सुटाकडे बघितलं, आणि माझी आजी मला एकदम आठवली. आता तोंडानं सांगायचं काय? 'लोकहो, ती मेलेली नाही, रुसलेली आहे'? शब्द जुळवतोय तोवर बाहेर गाडी थांबली. ग्रेटाचा नवरा फुलांचा धंदा करतो, त्यांची गाडी लांबच लांब आणि करड्या रंगाची आहे, अगदी आमच्याकडच्या शववाहिनीसारखी. मास्तर ताडकन उठले. "आणलं वाटतं," ते म्हणाले. सगळे उभे राहिले. माना खाली गेल्या. कुणीतरी हुंदका दिला.

दार उघडलं. टिनेका बॅग घेऊन आत आली.

"हे काय, अंधारात का बसलायत? आणि उभे का सगळे?"

फेरहुल्स्टबाईंच्या हातातली कपबशी खाली पडली. मास्तर मटकन खाली बसले, पण खुर्ची तिथे नव्हती.  शेवटी खाली बसलेल्या मास्तरांनीच जन्मभराच्या सवयीनं हात पुढे केला आणि तो शब्द पुटपुटला. त्यातला कुठला, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

टिनेकानं माळा बघितल्या. लिली बघितल्या. चक्रापाशी जाऊन पट्टी मोठ्यानं वाचली. मग माझ्याकडे वळली.

"बार्टेल, मी कशानं मेले?"

"पडद्यानं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मी तिला सगळं सांगितलं. कुंड्या, नगरपालिका, पांढरा, काळा, आजी.  "मला घर सोडायचं नव्हतं, टिनेका. आणि तूही हवी होतीस. म्हणून केलं गं."

 दारात ग्रेटा उभी होती, ती म्हणाली, "चल बाई. हे लोक वेडे आहेत. फ्लॅट अजून रिकामा आहे."  टिनेकानं बॅगेची मूठ परत धरली.

त्याच क्षणी जिन्यावरून पावलं वाजली. हेरब्रांड खाली येत होता. हातात मोजपट्टी. शेवटच्या पायरीवरूनच तो आनंदानं म्हणाला, "आई, पलंग बसतो गं! फक्त त्यांचं कपाट काढून टाकावं लागेल."

 टिनेकानं बॅग खाली ठेवली.

"कुणाचं कपाट?"

हेरब्रांडनं तिला बघितलं आणि पट्टी आपोआप सर्रकन गुंडाळली गेली.

"म्हणजे, तसं नाही टिनेका," फेरहुल्स्टबाई म्हणाल्या. "आम्ही म्हटलं, बिचारा एकटा..."

"मी मरून आठवडा झाला नाही, आणि माझं कपाट बाहेर?"

"मंगळवार ते शनिवार," मास्तर खालूनच म्हणाले. त्यांना चूक सुधारल्याशिवाय राहवत नाही.

टिनेकानं कोट काढला. खुंटीला अडकवला. "ग्रेटा, तू आता नीघ. उशीर होईल. मी कुठेही येत नाही."

"अगं, पण फ्लॅट..."

"तो दे कुणालाही. हेरब्रांडला दे. पलंग बसतो का बघ म्हणावं."

मग ती तरातरा खिडकीशी गेली. मी म्हटलं, "टिनेका, नको." कारण फटीतून मला दिसत होतं. नारिंगी छत्री बाहेर आली होती. शनिवारची दुपार, वर दारात ती करडी गाडी, म्हटल्यावर सगळा तांडा खिडकीशी गोळा झाला होता. पण तिनं पडदा एका झटक्यात बाजूला ओढला. काच नाकांनी भरलेली होती. एका नाकाचं बोलणं झालं होतं, इथे वर-खाली, दोन्ही ओळींत, जागा मिळेल तिथे नाकं होती. टोप्या छातीशी धरलेल्या. त्यांनी टिनेकाला बघितलं, मग पांढऱ्या फुलांना, मग परत टिनेकाला. छत्रीवालीच्या हातातून छत्री सुटली.

मी डोळे मिटले. संपलं सगळं, असं वाटलं. आता ती नाकं मोजणार आणि बॅग उचलणार.

"बघू देत," टिनेका म्हणाली. मी डोळे उघडले. ती खिडकीच्या मध्यभागी कमरेवर हात ठेवून उभी होती, ताठ, हसरी, आणि फेरहुल्स्टबाईंकडे बघून बोलत होती. "चांगलं डोळे भरून बघू देत. मी जिवंत आहे हे जितक्या लोकांना कळेल, तितकं बरं. आणि हेरब्रांड, जरा बाजूला हो. त्या मागच्यांना मी दिसत नाहीये."